‘नॉर्मल’ कोणाचे? शिंगरांच्या रक्तावरील एका शोधनिबंधाचे वाचन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर एक छोटी शस्त्रक्रिया करायची होती, म्हणून आधी रक्त तपासले. रात्री दहाच्या सुमारास मेहुण्यांचा फोन आला. रिपोर्टवर दोन ठिकाणी तारका छापलेल्या होत्या. हिमोग्लोबिन १८.५, त्यापुढे ‘जास्त’ अशी खूण. एपीटीटी नावाच्या चाचणीत रक्त गोठायला ४८ सेकंद, त्यापुढेही ‘जास्त’. दुसरी एक चाचणी, पीटी, मात्र मर्यादेत होती.

मी डॉक्टर नाही, जीवरसायनशास्त्राचा संशोधक आहे. पीटी ठीक, एपीटीटी लांबलेली आणि बाळ मुलगा, एवढे ऐकल्यावर पाठ्यपुस्तकातले एक वाक्य डोळ्यांपुढे आले आणि मी फोनवर ‘हिमोफिलिया’ हा शब्द उच्चारून बसलो. ती रात्र त्या घरात कशी गेली असेल, हे सांगायला नको. सकाळी बालरोगतज्ज्ञांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “छापलेली रेंज तुमची-माझी आहे, त्याची नाही. तीन दिवसांच्या बाळाचे हे आकडे अगदी ठीक आहेत.” शस्त्रक्रिया त्याच दिवशी विनासायास पार पडली.

त्या दिवसापासून ‘नॉर्मल’ हा शब्द मी जपून वापरतो. या विषयावर वाचताना जो एक शोधनिबंध मला सर्वांत उपयोगी वाटला, तो माणसांवरचा नाही, घोड्यांवरचा आहे. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या मिशेल बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो पशुवैद्यकीय निदानशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय साधा: जन्मापासून एक महिन्यापर्यंतच्या निरोगी शिंगरांमध्ये रक्त गोठण्याशी संबंधित मोजमापे कशी असतात? आजाराचे नाव नाही, औषध नाही, नवा शोध लागल्याचा दावा नाही. असे निबंध फारसे कोणी वाचत नाही. शिक्षकांनी मात्र तो समजून घ्यावा, असे मला वाटते. त्यात काय चांगले आहे, आणि अशा प्रकारच्या संशोधनाच्या मर्यादा कोणत्या, हे दोन्ही येथे पाहू.

रक्त गोठते म्हणजे काय होते?

शाळा-महाविद्यालयांतून ही गोष्ट बहुधा एका ओळीत शिकवली जाते. जखम झाली की प्रोथ्राँबिनचे थ्राँबिन होते, थ्राँबिनमुळे फायब्रिनोजेनचे फायब्रिन होते, फायब्रिनच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते. यात चूक काही नाही. पण ही हकिकत अर्धी आहे. रक्तद्रवात गोठवणारी प्रथिने असतात, तशी गोठण्याला आवर घालणारी प्रथिनेही असतात. अँटीथ्राँबिन आणि प्रोटीन सी ही त्यांतली दोन महत्त्वाची. शिवाय काम झाल्यावर गुठळी विरघळवणारी यंत्रणा असते. तिच्यातले मुख्य प्रथिन प्लाझ्मिनोजेन. बोटाला सुई टोचली तर तेवढ्याच जागी रक्त गोठते, सगळ्या शरीरातले गोठत नाही, ते या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटामुळे. आपल्या आकृत्यांतून हे दोन गट बहुतेक वेळा गाळलेले असतात.

१९६४ मध्ये मॅकफार्लेन यांनी, आणि त्याच वर्षी डेव्ही व रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे, गोठण्याची क्रिया पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणाऱ्या धबधब्यासारखी असते असे मांडले. एका विकराने दुसऱ्याला जागे करायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. पीटी आणि एपीटीटी या चाचण्या त्या धबधब्याच्या दोन वाटा तपासतात असे समजले जाते. रक्तद्रव नळीत घ्यायचा, त्यात क्रिया सुरू करून देणारा पदार्थ आणि कॅल्शियम घालायचे, आणि गुठळी दिसेपर्यंतचे सेकंद मोजायचे. चाचणी सोपी आहे आणि उपयोगीही आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रोटीन सी कामाला लागते ते रक्तवाहिनीच्या अस्तरावरील एका प्रथिनाच्या मदतीने, आणि काचेच्या नळीला असे अस्तर नसते. म्हणजे तराजूच्या दोन पारड्यांपैकी ही चाचणी मुख्यतः एकच पारडे पाहते. शिंगराच्या रक्ताची गंमत समजण्यासाठी ही गोष्ट कळीची आहे.

शिंगराच्या रक्तात काय आढळले?

जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत शिंगराच्या रक्ताचा पीटी आणि एपीटीटी हा काळ महिन्याभराच्या शिंगरापेक्षा जास्त असतो. फायब्रिनोजेन कमी असते. एवढेच पाहिले तर कोणीही म्हणेल, या पिल्लाला रक्तस्रावाचा धोका आहे. पण त्याच वेळी अँटीथ्राँबिन कमी असते आणि प्लाझ्मिनोजेनही कमी असते. थोडक्यात, गोठवणारे पारडे हलके आहे तसे आवर घालणारे पारडेही हलके आहे, आणि काटा बऱ्यापैकी मध्यावरच राहतो. निरोगी शिंगरू नाळ तुटताना रक्तबंबाळ होत नाही. जन्मल्यावर तासा-दोन तासांत ते लटपटत उभे राहते आणि आईला पिऊ लागते. पुढील काही आठवड्यांत बहुतेक मोजमापे प्रौढांच्या दिशेने सरकतात.

मानवी अर्भकातही असेच दिसते. कॅनडातील मॉरीन अँड्र्यू यांनी १९८७ मध्ये पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या दिवशी एपीटीटीची सरासरी सुमारे ४३ सेकंद होती, प्रौढांमध्ये सुमारे ३३. के जीवनसत्त्वावर अवलंबून असणारी गोठवणारी प्रथिने प्रौढांच्या साधारण निम्मी होती, आणि प्रोटीन सी त्याहूनही कमी. यकृत अजून पूर्ण कामाला लागलेले नसते, आणि ही मोठी प्रथिने वार ओलांडून आईकडून बाळाकडे येत नाहीत. बाळाला यातली बहुतेक प्रथिने प्रौढ पातळीवर आणायला सुमारे सहा महिने लागतात. माझ्या भाच्याचे ४८ सेकंद या चित्रात अगदी सहज बसतात. त्याचे हिमोग्लोबिनही गर्भातल्या कमी ऑक्सिजनच्या मुक्कामाची शिल्लक होती.

येथे एक बारकावा आहे. नवजात बाळात सगळीच प्रथिने कमी असतात असे नाही. आठव्या क्रमांकाचा घटक जन्मतःच प्रौढांइतका असतो, नववा मात्र कमी असतो. म्हणून हिमोफिलिया ए जन्मतः ओळखता येतो, पण सौम्य हिमोफिलिया बी ओळखायला थांबावे लागते. ‘लहान आहे, सगळेच कमी असणार’ असे म्हणून भागत नाही. प्रत्येक प्रथिनाचे वेळापत्रक वेगळे असते.

या निबंधाचे श्रेय

या कामाचे पहिले श्रेय म्हणजे त्याने कंटाळवाणा पण आवश्यक प्रश्न विचारला. आजारी शिंगरांचे रक्त तपासणारे पुष्कळ असतात, कारण ती दवाखान्यात येतात. निरोगी शिंगराला सुई टोचायला त्याच्या मालकाचे मन वळवावे लागते, घोडी जवळ उभी असते, शिंगरू धडपडते. विण्याचा हंगामही वर्षातून एकदाच येतो.

दुसरे श्रेय असे की वय हा घटक लेखकांनी तळटिपेत न टाकता मध्यभागी ठेवला. शिंगराच्या आयुष्यात एक दिवस आणि एक आठवडा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘तरुण घोडे’ असा एकच गठ्ठा करून सरासरी काढली असती, तर येणारा आकडा कोणत्याच शिंगराचा नसता.

तिसरे, त्यांनी तराजूची दोन्ही पारडी मोजली, आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणाही मोजली. नुसते सेकंद मोजून ते थांबले नाहीत.

याचे महत्त्व पशुवैद्याला विचारा. घोडीची वार अशी असते की तिच्यातून प्रतिपिंडे पिल्लाला मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून. चीक वेळेवर पोटात गेला नाही तर जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. अशा शिंगरात रक्त गोठण्याची यंत्रणा भरकटते: पीटी आणि एपीटीटी लांबतात, अँटीथ्राँबिन घटते, फायब्रिनच्या विघटनातून निघणारे तुकडे वाढतात. आता मागील परिच्छेद आठवा. निरोगी नवजात शिंगरातही काटा याच दिशेला झुकलेला असतो. प्रौढ घोड्याची मर्यादा लावली तर निरोगी पिल्लू आजारी ठरेल. ‘लहान पिल्लांत असे चालायचेच’ म्हटले तर आजारी पिल्लू हातचे जाईल. दोन्ही चुका टाळायच्या तर त्याच वयाच्या निरोगी शिंगरांचे आकडे हाताशी हवेत. याच गटाने १९९८ मध्ये जंतुसंसर्ग झालेल्या शिंगरांवरचा निबंध प्रसिद्ध केला. तशा कामाला असा पाया लागतो. आणि लांबलेली चाचणी कधीकधी खऱ्या दोषाचीही असते. थरोब्रेड जातीच्या शिंगरात खऱ्याखुऱ्या हिमोफिलियाची नोंद १९६१ मध्येच झालेली आहे.

कोठे कमी पडते?

आता तक्रारी. त्या एका निबंधापेक्षा या सगळ्या प्रकारच्या संशोधनाविषयी, आणि त्याहूनही अधिक त्याच्या वापराविषयी आहेत.

पहिली तक्रार ‘निरोगी’ या शब्दाची. निरोगी शिंगरे निवडून त्यांची मोजमापे घ्यायची, आणि त्या मोजमापांवरून निरोगी कोण ते ठरवायचे, यात वर्तुळात फिरण्याचा धोका आहे. तो टाळण्यासाठी निवड रक्ताच्या त्याच चाचणीवर न करता वेगळ्या कसोट्यांवर करावी लागते: प्रसूती वेळेवर झाली का, पिल्लू वेळेत उभे राहिले का, चीक प्यायले का. असे असले तरी ‘निरोगी’ हा निर्णय माणसाने घेतलेला असतो. फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सारिस यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाला हात घातला, आणि ‘नॉर्मल’ऐवजी ‘संदर्भमूल्ये’ हा शब्द पुढे आला. संदर्भमूल्य म्हणजे अमुक गटात, अमुक पद्धतीने मोजल्यावर आढळलेले मूल्य. त्यात चांगल्या-वाईटाचा निवाडा नाही. शब्द रुळला, पण मनातला अर्थ बदलला नाही.

दुसरी तक्रार संख्येची. संदर्भमर्यादा सहसा अशी ठरवतात, की निरोगी गटातील मधली ९५ टक्के मूल्ये आत यावीत. दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के बाहेर राहतात. ही टोके विश्वासाने ठरवण्यासाठी किमान १२० व्यक्ती हव्यात, असा संकेत आहे. एका विण्याच्या हंगामात एकाच वयाची १२० निरोगी शिंगरे कोण आणून देणार? म्हणून असे अभ्यास बहुधा थोड्या पिल्लांवर भागवतात. पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञांच्या अमेरिकी संस्थेने २०१२ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा आशय असा: संख्या कमी असेल तर मर्यादेबरोबर तिची अनिश्चितताही छापा, आणि फारच कमी असेल तर मर्यादा काढूच नका, प्रत्येक मोजमाप जसेच्या तसे द्या. हा प्रामाणिकपणा १९९० च्या दशकातल्या तक्त्यांत सहसा आढळत नाही.

तिसरी तक्रार सरासरीच्या दादागिरीची. दोन वयोगटांच्या सरासरींत लक्षणीय फरक आहे, असे संख्याशास्त्राने सांगितले की संशोधकाचे समाधान होते. गोठ्यात उभ्या असलेल्या पशुवैद्यापुढे मात्र सरासरी शिंगरू नसते, एकच शिंगरू असते. त्याला हवा असतो तो मूल्यांचा पसारा: निरोगी पिल्लांतले सर्वांत कमी किती, सर्वांत जास्त किती, आणि दोन वयोगट एकमेकांवर किती चढतात. सरासरी वेगळ्या असूनही दोन गट निम्म्याहून अधिक एकमेकांत मिसळलेले असू शकतात.

चौथी तक्रार टक्क्यांची. ‘अँटीथ्राँबिन ७० टक्के’ म्हणजे कशाच्या ७० टक्के? अनेक निरोगी प्रौढ घोड्यांचा रक्तद्रव एकत्र करतात आणि त्या मिश्रणाला १०० म्हणतात. हे १०० निसर्गाने ठरवलेले नाही, आपण मानलेले आहे. माणसांमध्येही आठव्या घटकाची संदर्भमर्यादा साधारण ५० ते १५० टक्के असते. म्हणजे दोन धडधाकट माणसांत तिप्पट फरक असू शकतो, आणि दोघेही निरोगी! ओ रक्तगटाच्या लोकांमध्ये या घटकाला रक्तात सांभाळणारे फॉन विलेब्रांड प्रथिन इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असते. त्यांना कोणी आजारी म्हणत नाही.

शेवटची तक्रार आकड्यांच्या प्रवासाची. एपीटीटीचे सेकंद वापरलेल्या अभिकर्मकावर आणि यंत्रावर अवलंबून असतात. एका प्रयोगशाळेतले सेकंद दुसऱ्या प्रयोगशाळेत तसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी तक्ता एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरतो आणि वाटेत वय, जात, पद्धत हे सारे गळून पडते. शेवटी उरतात दोन आकडे आणि मध्ये एक छोटी रेघ. माझ्या भाच्याच्या कागदावर हेच झाले होते. यंत्र चुकले नव्हते, तंत्रज्ञही चुकला नव्हता. ‘कोणासाठी’ हा शब्द छापायचा राहिला होता.

घोडाच का?

कोणी म्हणेल, आमच्या वर्गात घोडा कशाला? एक कारण जवळचे आहे. सर्पदंशावर आपण जे प्रतिविष टोचतो, ते घोड्याच्या रक्तद्रवातूनच बनते, आणि घोणशीचे विष मारते ते मुख्यतः रक्त गोठवणारी प्रथिने भराभर खर्ची पाडून. दुसरे कारण शिकवण्याच्या सोयीचे. घोड्याचे रक्त नळीत उभे ठेवले तर तांबड्या पेशी पाहता पाहता खाली बसतात आणि वर पिवळाधमक रक्तद्रव राहतो. माणसाच्या नळीत असे दिसले तर डॉक्टर काविळीची शंका घेतील. घोड्यात ते रोजचेच आहे. ‘नॉर्मल’ हे प्राण्यागणिक बदलते, वयागणिक बदलते, हे घोड्याच्या उदाहरणाने विद्यार्थ्याला चटकन पटते. माणसाच्या बाबतीत तीच गोष्ट पटायला मन आडवे येते.

वर्गात करून पाहा

रक्त काढायची गरज नाही, नाडी पुरेशी आहे. दहावीच्या वर्गातील चाळीस मुला-मुलींना पाच मिनिटे शांत बसवून प्रत्येकाची मिनिटाची नाडी मोजायला सांगा. सगळे आकडे फळ्यावर मांडा. सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांवर रेघा मारा. साधारण दोन विद्यार्थी रेघेबाहेर पडतील. आता विचारा: हे दोघे आजारी आहेत का? नसतील, तर रेघ कशाची?

मग पहिलीच्या दहा मुलांची नाडी मोजून त्याच फळ्यावर लिहा. लहान मुलांची नाडी जलद असते, त्यामुळे बरीच मुले दहावीच्या रेघेबाहेर जातील. पुन्हा तोच प्रश्न विचारा. या वेळी उत्तर मुलेच देतील.

शेवटी एक हिशेब. एका निरोगी माणसाच्या वीस स्वतंत्र चाचण्या केल्या आणि प्रत्येकीची मर्यादा ९५ टक्क्यांची असली, तर सगळ्या मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. निदान एक तरी तारका छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. ज्याने हा हिशेब स्वतः केला आहे, तो रिपोर्टवरची तारका पाहून घाबरणार नाही. आणि तिच्याकडे दुर्लक्षही करणार नाही. तो विचारेल: ही मर्यादा कोणाच्या रक्तावरून काढली?

भाचा आता शाळेत जातो. परवा त्याच्या प्रगतिपुस्तकासोबत उंची-वजनाचा तक्ता आला. उंचीपुढे लाल खूण होती. बहिणीचा फोन आला. मी या वेळी काहीच निदान केले नाही. फक्त विचारले, “तक्ता कोणत्या वयाचा लावलाय, ते आधी बघ.” तिने पाहिले. वयाचा रकाना कोरा होता.